आमचं ग्राफिक्स कार्ड

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड कायमची जडते. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय त्याला कुठलीही वस्तू घेता येत नाही. मी मेथीची जुडीसुद्धा तीन ठिकाणी भाव विचारून, मनातल्या मनात तुलनात्मक तक्ता मांडून मगच घेतो; आणि तो तक्ता पुरा होईपर्यंत चांगल्या जुड्या दुसऱ्यांच्या पिशवीत गेलेल्या असतात. लग्नाआधी मी तीन मुली पाहिल्या होत्या हे सौभाग्यवतीला पुढे कुठूनसं कळलं, तेव्हा "म्हणजे मी काय सगळ्यात कमी भावाचं टेंडर होते का?" असं तिने विचारलं होतं. त्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे अजून पेंडिंग आहे.

हे सांगायचं कारण, असल्या माणसावर २०२४ च्या उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्ड निवडण्याचा प्रसंग आला.

याला दोन तारखा कारणीभूत झाल्या. पहिली ८ मार्च २०२४. त्या दिवशी बँक कर्मचाऱ्यांच्या बाराव्या द्विपक्षीय करारावर सह्या झाल्या आणि १ नोव्हेंबर २०२२ पासूनच्या पगारवाढीची थकबाकी मिळणार हे पक्कं झालं. या थकबाकीला आम्ही लोक भक्तिभावाने 'एरिअर्स' म्हणतो. एरिअर्स ही मोठी चमत्कारिक लक्ष्मी आहे. खात्यात जमा होण्याआधीच ती घरातल्या प्रत्येकाच्या मनात खर्च झालेली असते.

दुसरी तारीख २१ मे. त्या दिवशी बारावीचा निकाल लागला. "ऐंशीच्या वर टक्के पडले तर कॉम्प्युटर," असं मी जानेवारीत बोलून बसलो होतो. चिरंजीवांचा अभ्यास पाहता हे वाक्य बोलण्यात काहीच धोका नव्हता. निकाल आला: सहाशेपैकी ४८१. म्हणजे ८०.१७ टक्के. ४८० पडले असते तर बरोब्बर ऐंशी झाले असते आणि 'वर' या शब्दावर मी केस लढवली असती. एका मार्काने मी हरलो. पुढे यादीची बेरीज बहात्तर हजार झाली तेव्हा, एका मार्काला बहात्तर हजार हा भाव वऱ्हाडात आजवर कुणी दिला नसेल, असं मी बोलून दाखवलं. त्यावर "मार्क मिळवायला मी, आणि भाव सांगायला तुम्ही!" असा शेरा चिरंजीवांनी मारला.

"लॅपटॉप घे. आटोपशीर असतो," मी सुचवून पाहिलं.

"लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही, बाबा. डेस्कटॉप जुळवायचा. एकेक भाग आपण निवडायचा. पुढे इंजिनिअरिंगला थ्रीडी ड्रॉइंगला लागतं."

थ्रीडी ड्रॉइंग हा शब्द त्यांनी मोठ्याने उच्चारला. दाराआड त्यांचे दोन मित्र उभे होते आणि त्यांच्या तोंडावर थ्रीडी ड्रॉइंगचं काहीएक चिन्ह नव्हतं. गाड्या पळवायच्या आणि बंदुका उडवायच्या, हे मलाही ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. पण घरात काही गोष्टी 'अभ्यासासाठी' या लेजर-हेडखालीच टाकाव्या लागतात. मीही लहानपणी एक रुपयाला एक डाव अशा व्हिडिओ गेमच्या दुकानात गणिताच्या वहीच्या पैशांनी बरंच गणित केलेलं आहे.

यादी आली. प्रोसेसर ११,०००. मदरबोर्ड ८,५००. सोळा जीबी रॅम ३,५००. एक टेराबाइटची एसएसडी ५,५००. एसएमपीएस ४,०००. कॅबिनेट ३,५००. ग्राफिक्स कार्ड २१,०००. मॉनिटर ११,०००. कीबोर्ड-माउस २,०००. आणि कूलर २,०००.

मी पेन्सिल उचलली आणि कूलरवर फुली मारली.

"कूलर घरात आहे की! मागच्याच वर्षी वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या."

"बाबा, तो कूलर आपल्यासाठी. हा प्रोसेसरसाठी."

विदर्भात कूलर हे काय प्रकरण आहे हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगून समजणार नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याला आधी कूलरसमोर बसवतात, मग नाव विचारतात. त्या यंत्रावर ज्याची सत्ता त्याची घरावर सत्ता. आता कळलं की नव्या सदस्याला त्याचा स्वतःचा कूलर हवा. खेळ रंगात आला की हा डबा अडीचशे-तीनशे वॅट वीज खातो आणि त्या सगळ्याची शेवटी उष्णता होते. छोटा कूलर ती प्रोसेसरवरून ओढून बाहेर टाकतो. बाहेर म्हणजे कुठे? तर खोलीत. म्हणजे मे महिन्यात वाशीमचा पारा चाळिशी ओलांडून बसलेला असताना मी दोन हजार रुपये मोजून आतली उष्णता माझ्या अंगावर घेणार होतो. शिवाय मोठ्या कूलरचा ओला झोत कॉम्प्युटरवर येता कामा नये, कारण त्या दमटपणाने भाग खराब होतात. परिणामी कॉम्प्युटरला कोरडा कोपरा मिळाला, आणि तो कोपरा म्हणजे जिथे माझी कॉट होती तो.

आता प्रोसेसर. त्याचं नाव आय-फाइव्ह बारा हजार चारशे एफ.

"एफ म्हणजे? फेल?"

"एफ म्हणजे याच्यात चित्र दाखवायची सोय नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं नाही तर पडदा काळाच राहतो."

"मग असला आंधळा प्रोसेसर घ्यायचा कशाला?"

"म्हणूनच तर स्वस्त आहे!"

हे उत्तर मला एकदम पटलं. माझी निम्मी खरेदी याच तत्त्वावर झालेली आहे.

पण ग्राफिक्स कार्ड हे नेमकं करतं काय? हे मी विचारलं आणि चिरंजीवांनी दिलेलं उत्तर कॉमर्सच्या माणसालाही समजलं, म्हणून इथे देतो. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार मी तिथल्या तिथे केला: २० लाख ७३ हजार ६००. यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग दर वेळी नव्याने ठरवायचा, आणि हे सेकंदाला साठ वेळा करायचं. म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार एन्ट्र्या. पडदा १४४ हर्ट्झचा असेल आणि त्याचा पुरेपूर उपयोग करायचा असेल, तर २९ कोटी ८५ लाख ९८ हजार ४००. आमच्या शाखेत सोयाबीनच्या हंगामात दिवसाला काही शे व्हाउचरं आली तर आम्ही चहा सोडून देतो.

प्रोसेसरमध्ये सहा हुशार अधिकारी असतात. कर्जाचं अवघड प्रकरण त्यांच्याकडे द्यावं. पण कोट्यवधी चिल्लर बेरजा त्यांच्याकडून करून घ्यायच्या म्हणजे शाखा बंद पाडायची. ग्राफिक्स कार्डात उलट असतं. चिरंजीवांनी निवडलेल्या आरएक्स ६६०० या कार्डात १७९२ छोटे कारकून एका दालनात बसून एकाच वेळी एकाच प्रकारच्या बेरजा करतात. एकही जण पान खायला उठत नाही. हे ऐकून आमच्या जातीबद्दल मला प्रथमच अभिमान वाटला. खेळातलं चित्र अधिकारी काढत नाहीत, कारकून काढतात!

आणि चित्रांचा नाद आमच्या गावाला आजचा नाही. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने पाचव्या शतकात अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं करवून घेतलं. त्या ग्राफिक्सला दीड हजार वर्षांत एकदाही कार्ड बदलावं लागलेलं नाही, हा मुद्दा मी मांडला. तो विचारात घेतला गेला नाही.

मग बॉटलनेक. एक भाग फार वेगाचा आणि दुसरा मंद असला, तर सगळा कॉम्प्युटर मंदाच्या चालीने चालतो. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. काउंटरवर विजेसारखा कॅशिअर बसवा आणि त्यामागे चेक पास करणारा साहेब डोळे मिटून बसवा. रांग साहेबाच्याच चालीने हलते. म्हणून महागातलं कार्ड आणि स्वस्तातला प्रोसेसर, किंवा याच्या उलट, असा जोडा लावायचा नाही. रॅमसुद्धा सोळाची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्यायच्या, म्हणजे दोन खिडक्या उघडतात आणि ये-जा जोरात होते.

यादीत सर्वांत दुर्लक्षित वस्तू एसएमपीएस. घरातली वीज घेऊन तो प्रत्येक भागाला पचेल अशी करून वाढतो. लोक नेमके इथेच पैसे वाचवतात. आणि हलका एसएमपीएस जळाला तर कधीकधी एकटा जात नाही, शेजाऱ्यांनाही घेऊन जातो.

"मदरबोर्ड आहे, मग फादरबोर्ड कसा नाही रे?" सौभाग्यवतीने पोळ्या लाटता लाटता विचारलं.

"आहे ना! हा काय एसएमपीएस," चिरंजीव म्हणाले. "तळाशी झाकणाखाली बसतो, कुणाला दिसत नाही, सगळ्यांना पुरवठा करतो आणि स्वतः गरम होतो."

मी एसएमपीएसवरची पेन्सिल उचलली आणि चार हजारांचे मुकाट्याने चार हजारच राहू दिले.

यादीत नसलेला एक खर्चही निघाला, अर्थिंगचा. आमच्या घराच्या तिसऱ्या पिनेला जमिनीचा काही संबंध नव्हता. वायरमनने अंगणात खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ घातलं. शेजारच्या काकूंनी "कुणाची दृष्ट लागली का हो?" म्हणून विचारलं.

बाकीचे भाग मेहुण्याने नागपूरहून, सीताबर्डीवरच्या दुकानात घासाघीस करून आणून दिले. राहिलं ग्राफिक्स कार्ड. आणि इथे माझ्यातला कॉमर्स पदवीधर जागा झाला.

मोबाइलवर जुन्या वस्तू विकणाऱ्यांच्या जाहिराती येतात. त्यात एक दिसली: जीटीएक्स १०६०, सहा जीबी, नऊ हजार रुपये. मी तक्ता मांडला. चिरंजीवांचं कार्ड आठ जीबीचं, २१,००० ला; म्हणजे जीबीमागे २,६२५ रुपये. हे सहा जीबीचं, ९,००० ला. जीबीमागे १,५०० रुपये. साखरेत एवढा फरक असता तर आपण दुकान बदललं नसतं का?

"बाबा, कार्ड जीबीवर मोजत नसतात," चिरंजीव म्हणाले. "जीबी म्हणजे नुसतं टेबल केवढं ते. काम करणारे कारकून कोण आहेत ते बघायचं. आणि सेकंडहँड नकोच. मायनिंगमध्ये पिळून काढलेली कार्डं विकायला येतात."

मायनिंग म्हणजे कोळशाची खाण नव्हे. काही वर्षं लोक ही कार्डं रात्रंदिवस चालवून इथेरियम नावाचं आभासी नाणं कमवत होते. त्यापायी २०२१ मध्ये बाजारात नवं कार्ड रास्त भावात मिळेनासं झालं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डांचं काम संपलं आणि ढिगाने वापरलेली कार्डं बाजारात आली.

मी "बरं" म्हणालो. पण मनात बारा हजारांचा फरक घोळत होता. ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगची फी आणि होस्टेलचं डिपॉझिट भरायचं होतं आणि एरिअर्स काही दर वर्षी येत नाहीत. बँकेतल्या शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "घेऊन टाका ना साहेब, पोट्टं खुश होऊन जाईन." एवढा तज्ज्ञांचा सल्ला मिळाल्यावर मी थांबलो नाही.

८ जूनला दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. घरी "अकोल्याला काम आहे" एवढंच सांगून एसटी धरली. वाशीमचा स्वतंत्र जिल्हा होऊन १ जुलै १९९८ पासून इतकी वर्षं झाली, पण आमच्या पिढीचं 'काम' अजून अकोल्यालाच असतं. मालेगाव, मेडशी, पातूर करत दोन तासांत स्टँडवर उतरलो. विक्रेता वेळेवर आला. चांगल्या घरचा दिसणारा, 'सर, सर' करणारा तरुण. त्याने पिशवीतून कार्ड काढलं. दोन पंखे, चकचकीत काळं अंग, मागे जोडणीची भोकं.

मी अभ्यास करून आलो होतो. आवाजात जरब आणून विचारलं, "मायनिंगला वापरलेलं तर नाही ना?"

"देवाशपथ नाही, सर!"

आज विचार करतो तेव्हा वाटतं, तो बिचारा खोटं बोलला नव्हता. ते कार्ड मायनिंगला वापरण्याच्या लायकीचंच नव्हतं.

मी पाचशेच्या अठरा नोटा दिल्या. त्याने दोनदा मोजल्या. त्यातली एक वर धरून उजेडात वॉटरमार्क पाहिला, तिरकी करून हिरवा धागा निळा होतो का तेही पाहिलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. "असंच तपासून घ्यावं," असा व्यवसायातला सल्लाही मी त्याला दिला.

संध्याकाळी घरी आल्यावर मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि "बघ!" म्हणालो. चिरंजीवांचा चेहरा फुलला. त्यांनी कार्ड हातात घेतलं, मागची बाजू वळवली आणि तो फुललेला चेहरा हळूच मिटला.

"आणि हे बघ, याला ते निळं जुनं भोकसुद्धा आहे," मी उत्साहाने म्हणालो. "आपला जुना मॉनिटर दुसरा म्हणून लावता येईल!"

"हं," पोरगा म्हणाला.

ते निळं भोक म्हणजे व्हीजीए. खऱ्या जीटीएक्स १०६० च्या पिढीत कंपनीने त्याची सोयच काढून टाकली होती. पाचशेच्या नव्या नोटेवर लाल किल्ल्याऐवजी शनिवारवाडा छापलेला असावा, तसा तो प्रकार होता. आणि मी तो जास्तीचा वाडा बोटाने दाखवून खुश होत होतो.

त्याने काही न बोलता कार्ड बसवलं. पडदा उजळला. कॉम्प्युटरने नावही १०६० असंच दाखवलं. मी "बघ, म्हणजे झालं!" म्हणालो. मग त्याने जीपीयू-झेड नावाचा एक छोटा प्रोग्राम उघडला. कार्डाच्या नावाच्या जागी पहिला शब्द कंसात आला: 'फेक'.

वीस वर्षं मी खोटी नोट ओळखून तिच्यावर शिक्का मारत आलो. माझ्या वस्तूवर कुणी शिक्का मारलेला मी प्रथमच पाहत होतो.

आत निघालं २०११ सालचं जीटीएक्स ५५० टीआय. कारकून १९२, टेबल एक जीबीचं. त्याच्या आतल्या चिपमध्ये नाव आणि जीबी खोटे लिहून, वर नवे पंखे बसवून ते विकायला उभं केलं होतं. खेळ सुरू केला की थोडा वेळ चित्र दिसायचं. एक जीबी भरलं की पडदा काळा. त्या तरुणाचा फोन तेव्हापासून बंद आहे. पोलिसांत जाऊन सांगणार तरी काय? बँकेचा कॅशिअर, नोटा तपासून दिल्या, वस्तू तपासली नाही, असं?

तेवढ्यात सौभाग्यवती पदराला हात पुसत आली. "लागलं का कार्ड? बरोबर आणलं ना यांनी?"

मी पडद्यासमोर आडवा उभा राहिलो. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. आता हा म्हणणार, "मी सांगितलं होतं." त्याला म्हणायचा पूर्ण अधिकार होता.

"हो, बरोबर आहे," पोरगा म्हणाला. "फक्त आपल्या बोर्डाशी जमत नाहीये. बदलावं लागेल." आणि त्याने पडदा बंद केला.

ती गेल्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही. तो स्क्रू खोलत बसला, मी स्क्रू वाटीत ठेवत बसलो.

त्या रात्री मला झोप आली नाही. कॉटची जागा बदलल्यामुळे नव्हे. २०२३ च्या सोयाबीनच्या हंगामातला एक म्हातारा सारखा डोळ्यांसमोर येत होता. पागोटं, हातात नोटांची चवड. कर्जाचा हप्ता भरायला आला होता. त्यात एक पाचशेची नोट खोटी निघाली. रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: खोटी नोट परत द्यायची नाही, तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करायची, पोच द्यायची आणि तिचे पैसे खात्यात धरायचे नाहीत. मी नियमाप्रमाणे केलं. पण नियमात नसलेलंही एक केलं. "आजोबा, नोट खोटी आहे! तपासून घेता येत नाही का?" असं सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो.

"मले का मालूम, साहेब? अडत्यानं देल्ले, म्या घेतले," तो म्हणाला. आणि मग काउंटरच्या काचेला तोंड लावून अगदी बारीक आवाजात: "जरा हळू बोला ना. लोकं पाहून राह्यले."

मी हळू बोललो नव्हतो. मला वाटलं होतं, पाचशे रुपये गेले म्हणून म्हातारा रडवेला झाला आहे. पाचशेचं दुःख तर होतंच. पण गावची माणसं रांगेत उभी असताना आपण फसलो हे कुणी मोठ्याने वाचून दाखवू नये, एवढं तो मागत होता. जे अठरा वर्षांच्या पोराला न मागता कळलं, ते मला वीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये मागूनही कळलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आरएक्स ६६०० आलं, नवं, पावतीसकट, वॉरंटीसकट. बारा हजार वाचवायला गेलो आणि नऊ हजार घालवून आलो. या खेपेला डबा मी उघडला आणि मागची बाजू आधी तपासली. निळं भोक नव्हतं. मला इतका आनंद झाला की चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही तर पक्के तज्ज्ञ झालात." गाड्या पळाल्या. मीही एक पळवली. ती पहिल्याच वळणावर दुकानात घुसली. पण काचेचे तुकडे उडताना इतके स्वच्छ दिसले की १७९२ कारकुनांना मी मनोमन ओव्हरटाइम मंजूर केला.

ऑगस्टमध्ये चिरंजीव होस्टेलला गेले. डबा मोठा, खोली लहान. म्हणून कॉम्प्युटर सध्या घरीच आहे आणि सुट्टीत त्यांची वाट पाहतो. कॉट अजून परत जागेवर गेलेली नाही.

बँकेत हंगाम येतो, नोटा येतात. खोटी सापडली तर नियम तोच, शिक्का तोच, पोच तीच. फक्त मी आता काउंटरवरून उठतो, त्या माणसाला आत बोलावतो, खुर्चीवर बसवतो आणि शिपायाला पाणी आणायला सांगतो. साहेब एकदा म्हणाले, "याने रांग अडते." मी म्हटलं, "बॉटलनेक आहे, साहेब." ते समजल्यासारखी मान हलवून गेले.

राहता राहिलं ते खोटं कार्ड. ते माझ्या कपाटात, जुन्या पासबुकांच्या खाली आहे. हे रहस्य मी आणि चिरंजीव सोडून कुणाला माहीत नाही, असं मी पुढच्या ३१ मार्चपर्यंत समजत होतो. ३१ मार्चला मी घरखर्चाची वही ऑडिट करतो. ती वही सौभाग्यवती लिहिते. शीर्षकानुसार बेरजा घेत घेत 'शिक्षण' या सदरापाशी आलो. कॉलेजची फी, होस्टेल, पुस्तकं, सगळं ठीक. पण फी ऑगस्टमधली आणि त्या सदरातली पहिली नोंद मात्र ८ जूनची: नऊ हजार रुपये.

"हे नऊ हजार कुणाच्या शिक्षणाचे?" मी विचारलं.

"तुमच्या," ती भाजी निवडता निवडता म्हणाली आणि मान वर न करता निवडत राहिली.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. नोंद बरोबर सदराखाली होती. मी तिच्यापुढे टिक मारली आणि पान उलटलं.